आरमारी युद्धपट कसा पारखावा : कोकण किनाऱ्यावरील प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या थोर सेनानीवरील भव्य युद्धपट प्रदर्शित झाला की अलिबागपासून मालवणपर्यंत त्याची चर्चा सुरू होते, आणि ज्या किनाऱ्यावर त्या लढाया प्रत्यक्ष झाल्या तेथील प्रेक्षक साहजिकच इतरांपेक्षा अधिक चिकित्सक असतो. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात अशा चित्रपटांनंतर जी चर्चा होते तिची जबाबदारी काही वर्षे माझ्याकडे आहे. तेथे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. उदाहरणे बहुतांशी शिवाजी महाराज आणि सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराची घेतली आहेत.

प्रश्न : युद्धपट चांगला की सामान्य, हे ठरवताना सर्वांत आधी काय पाहावे?

सेनानीला विजय कसा मिळवता आला, हे चित्रपट पाहून आपल्याला समजले का, एवढे आधी पाहावे. पुष्कळ युद्धपटांत नायक जिंकतो तो केवळ नायक आहे म्हणून. त्याने काय ओळखले, कोणता धोका पत्करला, कोणती गोष्ट सोडून दिली, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही, आणि मग दोन घटका चाललेली लढाई पाहूनही हाती उरते ती फक्त धूळ आणि ढोलांचा गजर.

खांदेरीचे उदाहरण घेऊ. १६७९ मध्ये पावसाळा सरत असताना शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदीचे काम सुरू करवले आणि ते थांबवण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे पाठवली. इंग्रजांची जहाजे मोठी होती आणि त्यांवरील तोफाही भारी होत्या. तरीही थळच्या किनाऱ्यावरून निघणारी लहान होडगी आणि गलबते अंधाराचा व उथळ पाण्याचा फायदा घेऊन बेटावर माणसे, धान्य आणि बांधकामाचे सामान पोहोचवीत राहिली, आणि वाऱ्यासाठी ताटकळणाऱ्या मोठ्या जहाजांना ती अडवता आली नाहीत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या मराठी आरमाराने इंग्रजांवर चाल केली, तेव्हा ‘डव्ह’ नावाची त्यांची गुराब (दोन-तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र दाद दिली नाही. म्हणजे त्या दिवशी समुद्रावर निर्णायक विजय कोणाचाच झाला नाही. पण बेटावरचे काम थांबले नाही, आणि अखेर इंग्रजांना खांदेरी मराठ्यांकडे राहणार हे मान्य करावे लागले.

या हकिगतीत तलवार उपसून केलेल्या गर्जनेला कोठेही जागा नाही. मोठे जहाज कोठे लाचार होते हे ज्याला ठाऊक होते त्याने बेट राखले, आणि हे जाणणे हीच सेनानीची बुद्धी होय. ती बुद्धी पडद्यावर दिसत असेल तर उरलेल्या चुका मी बऱ्याच अंशी पोटात घालतो.

प्रश्न : चित्रपट म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. मग दिग्दर्शकाला कल्पनेची मुभा का नसावी?

ती अवश्य असावी, पण सर्व मुभा एकाच जातीच्या नसतात. कागदपत्रांत जेथे काहीच नोंद नाही तेथे दिग्दर्शकाने संवाद आणि प्रसंग रचणे हे पोकळी भरणे आहे, आणि त्याशिवाय चित्रपट उभाच राहत नाही. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या आदल्या रात्री महाराज काय बोलले हे कोणी लिहून ठेवलेले नाही, तेव्हा ते लेखकालाच लिहावे लागणार. दुसरी मुभा आखडून घेण्याची. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची तयारी सुरू होते आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला जातो. ही सात वर्षे दहा मिनिटांत दाखवली म्हणून कोणी आक्षेप घेऊ नये.

तिसरी मुभा मात्र उलटापालट करण्याची, म्हणजे ज्याने केले त्याच्याऐवजी दुसऱ्याने केले असे दाखवण्याची किंवा कारणच बदलून टाकण्याची. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून गेले. समुद्रावरून वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची पलटण होती, तर जमिनीवर पेशव्यांची फौज होती. हा पराभव केवळ परक्यांच्या कपटाने झाला असे दाखवणारा चित्रपट मराठी प्रेक्षकाला बरे वाटावे म्हणून त्याला फसवतो. मराठ्यांनीच इंग्रजांना साथ देऊन मराठ्यांचे आरमार बुडवले, ही यातली खरी शोकांतिका आहे, आणि कोणत्याही रचलेल्या कटापेक्षा ती कितीतरी जास्त बोचणारी आहे.

प्रश्न : आपल्या चर्चेत भरती-ओहोटीवर एवढा भर का असतो?

कारण या किनाऱ्यावरच्या लढाईचे घड्याळ तेच होते. कोकणात समुद्रावर जाणाऱ्या घरांत तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा एक साधा हिशेब असतो : तिथीचा आकडा पाऊणपट करावा, जे उत्तर येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती समजावी, आणि तेथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला म्हणूनच भरती दुपारी व मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास येते आणि पाणी हटते ते सकाळ-संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास वेळा उलट होतात, पण तेव्हा भांग (लहान भरती) असल्याने पाणी फारसे चढतही नाही आणि पुरते उतरतही नाही. उत्तर कोकणाला हा हिशेब चांगला लागू पडतो. शिवाय मुंबई-अलिबागकडे भरती-ओहोटीतले अंतर मोठे असते आणि दक्षिणेकडे ते कमी होत जाते, हेही लक्षात ठेवावे.

आता अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याचा विचार करा. या किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते आणि भरतीला नावेशिवाय गती नाही. समजा, एखाद्या चित्रपटात अमावास्येच्या काळ्याकुट्ट मध्यरात्री शत्रूचे सैनिक ओल्या वाळूवरून धावत किल्ल्याच्या दरवाजावर चाल करून येताना दाखवले. प्रसंग कितीही देखणा असला तरी त्या वेळी त्या वाळूवर पुरुषभर पाणी असते. ज्याला हल्ला करायचा त्याने एकतर पहाटेची वेळ धरली पाहिजे, नाहीतर तिथी बदलली पाहिजे. आणि दोन्ही निवडींत नाट्य आहे, कारण उजाडण्याच्या आत आत शिरलो नाही तर मागे पाणी चढेल आणि परतीचा रस्ता बंद होईल, ही भीती पटकथाकाराला आयती मिळते. चुकीची वेळ धरून तो ती घालवून बसतो.

वाऱ्याचेही तसेच आहे. हिवाळ्यात व उन्हाळ्यात रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात. खाडीत दडून बसलेले आरमार पहाटे बाहेर पडते आणि दुपारच्या वाऱ्यावर परत येते, हे त्या काळच्या प्रत्येक नाखव्याला ठाऊक होते. आमच्या एका चर्चेला हर्णै बंदरातले एक वयस्क तांडेल आले होते. चित्रपटातील आणीबाणीच्या प्रसंगी सारे सभागृह श्वास रोखून बसले असताना हे गृहस्थ एकटेच हसले, म्हणून नंतर मी कारण विचारले. ते म्हणाले, “शीड एका बाजूला फुगलाय आणि निशाण दुसऱ्या बाजूला फडकतंय, म्हणजे वारा नक्की कुठला?” तेव्हापासून मी आधी निशाण पाहतो.

प्रश्न : पडद्यावरची जहाजे मराठ्यांची आहेत की नाहीत, हे सामान्य प्रेक्षकाने कसे ओळखावे?

मराठी आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत, तिची नाळ (जहाजाचे पुढचे टोक) निमुळती होत गेलेली असे, आणि तिच्या भारी तोफा नाळेवरून समोर मारा करीत. गलबत लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की गलबते वल्हवत गुराब ओढून नेत. दोन्हींचा तळ युरोपीय जहाजांच्या मानाने उथळ असल्यामुळे खाडीत शिरणे आणि किनाऱ्यालगत पळणे त्यांना साधे.

यावरून लढण्याची रीतही ठरत असे. समोरच्या मोठ्या जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींना असतात, म्हणून त्याच्या कुशीसमोर जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय. मराठे मागून, पिछाडीच्या बाजूने येत, डोलकाठ्या आणि शिडे निकामी करीत, आणि जहाज पांगळे झाले की चहूबाजूंनी गलबते भिडवून वर चढत. त्यामुळे एखाद्या युद्धपटात दोन उंच, तीन मजली जहाजे समोरासमोर कुशी लावून एकमेकांवर गोळे फेकत असतील आणि त्यांतील एकावर भगवा लावला असेल, तर ते दृश्य दुसऱ्या कोणत्या तरी समुद्रावरून उसने आणलेले आहे असे खुशाल समजावे. संगणकावर जहाज काढणाऱ्याला गुराब काढायला काही जास्त खर्च येत नाही. फक्त गुराब म्हणजे काय हे कोणी तरी त्याला सांगावे लागते.

किल्ल्यांबाबतही एक खूण सांगतो. सिंधुदुर्गाचा मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की जवळ जाईपर्यंत तो कोठे आहे ते कळत नाही. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली प्रचंड कमान पडद्यावर दिसली, तर ती जलदुर्ग बांधणाऱ्याच्या शहाणपणाची थट्टाच ठरते.

प्रश्न : तोफेचा प्रत्येक गोळा आगीचा लोळ उठवून फुटतो, हे खरे आहे का?

नाही. त्या काळचे बहुतेक गोळे लोखंडाचे किंवा दगडाचे भरीव असत. ते आपटत, भिंत फोडत, माणसे चिरडत, पण फुटत नसत. आत दारू भरलेले कुलपी गोळे होते, मात्र ते मुख्यतः उखळी तोफांतून वेढ्याच्या वेळी टाकले जात. जहाजावर खरी हानी होई ती गोळ्याने उडवलेल्या लाकडाच्या ढलप्यांनी. शिवाय काळ्या दारूचा धूर इतका दाट असे की दोन-चार बारांनंतर समोरचे दिसेनासे होई. हा धूर जो दिग्दर्शक मनापासून दाखवतो, त्याने थोडा अभ्यास केला आहे एवढे नक्की.

प्रश्न : रसद, धान्य, हिशेब असल्या गोष्टी दाखवल्या तर चित्रपट कंटाळवाणा होणार नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो आणि प्रत्येक वेळी मी दोन पत्रांची आठवण करून देतो.

पहिले पत्र जानेवारी १६७५ चे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी महाराजांनी मुरुडसमोर पद्मदुर्ग उभारायला घेतला होता आणि तेथील आरमाराला नक्त रक्कम व गल्ला (धान्य) पोहोचवण्याचा हुकूम या सुभेदाराला होता. त्याने दिरंगाई केली. सिद्दीशी गाठ पडलेली असताना पाठीमागचा माणूस पुरवठा अडवून बसतो, याचा अर्थ काय होतो, हे महाराजांनी त्याला इतक्या कडक शब्दांत विचारले आहे की आजही वाचताना कागद हातात चटका देतो. तो ब्राह्मण आहे म्हणून त्याची गय होणार नाही, असेही त्यात बजावले आहे. एका बाजूला सिद्दीच्या तोफांखाली चाललेले बांधकाम, दुसऱ्या बाजूला सुभ्याच्या कचेरीत रेंगाळलेला कागद, आणि या दोहोंच्या मध्ये अन्नावाचून थांबलेले खलाशी : याहून अधिक ताण कोणत्या लढाईत आहे?

दुसरे पत्र चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना उद्देशून आहे. पावसाळा तोंडावर आहे, दाणा व गवत बेतानेच आहे. आताच मन मानेल तसे उडवले तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, हे त्यात खडसावले आहे. रयतेच्या घरून धान्य, भाजी, लाकूडफाटा उचलू लागलात तर तिला मोगल परवडले असे वाटेल, हेही त्यात आहे. आणि मग एक अशी ओळ येते जी सुचायला युद्ध आतून पाहिलेले असावे लागते : रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी भस्म होईल. एक उंदीर, एक वात आणि जळून खाक होणारे घोडदळ. हे दृश्य अजून कोणत्याही युद्धपटात मला दिसलेले नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

सेनानीचे मोठेपण रणांगणावर दिसते हे खरे, पण ते घडते अशा पत्रांत. ज्या चित्रपटात नायकाने एकदाही धान्याची चौकशी केलेली नाही, त्या चित्रपटाला आपला नायक नीट ओळखता आलेला नाही, असे मी धरून चालतो.

प्रश्न : शत्रूला मूर्ख किंवा राक्षसी दाखवल्याने बिघडते काय?

नायकच लहान होतो. बावळटाला हरवण्यात कसला पराक्रम? जंजिऱ्याचे सिद्दी हे या समुद्रावरचे अत्यंत चिवट आणि कसलेले दर्यावर्दी होते, म्हणूनच त्यांच्याविरुद्ध पद्मदुर्ग उभा करावा लागला, आणि मराठ्यांनी खांदेरी बांधताच सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून शहाला काटशह दिला. हा डाव-प्रतिडाव दाखवणे हे आरमारी चित्रपटाचे पहिले काम आहे.

डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा त्यांच्याकडे माणसे, तोफा आणि राजाच्या आरमारातील जहाजे होती. मोहीम फसली ती त्यांच्या भ्याडपणामुळे नव्हे. बाजीराव पेशव्यांची कुमक येऊन पोहोचली, दोन मित्रांचा एकमेकांवर विश्वास राहिला नाही, आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतले. शत्रूच्या तंबूतले हे मतभेद दाखवायचे तर आधी शत्रूला माणूस म्हणून लिहावे लागते.

आणखी एक सूचना. शत्रू-मित्राची वाटणी धर्मावरून करणारा चित्रपट या किनाऱ्यावर तरी टिकत नाही. खांदेरीच्या लढाईत मराठी आरमाराचे नेतृत्व दौलतखान करीत होता, त्याच मोहिमेत बेटावर मायनाक भंडारी पाय रोवून उभा होता, आणि गलबतांवर कोळी, भंडारी, गाबीत यांच्याबरोबर दालदी मुसलमानही होते.

प्रश्न : कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी चाचे म्हटले. चित्रपटाने हा शब्द वापरावा का?

इंग्रज पात्राच्या तोंडी वापरावा, कारण ते तसे म्हणतच असत. परंतु त्यांनी तसे का म्हटले हे चित्रपटाने सांगितले पाहिजे. या किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजाने दस्तक घ्यावे, अन्यथा ते पकडले जाईल, असा कान्होजींचा नियम होता. पोर्तुगीजांनी असाच परवाना हिंदी जहाजांवर दीडशे-दोनशे वर्षे लादला होता. समुद्रावर हुकूम कोणाचा चालणार, हा खरा वाद होता, आणि आपला हुकूम न मानणाऱ्याला चाचा ठरवणे ही त्या वादातली एक चाल होती. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले, यातच पुढच्या पिढ्यांचा निर्णय आला.

मात्र कान्होजींना निव्वळ देशभक्त म्हणून रंगवणेही तितकेच सोपे आणि तितकेच अपुरे आहे. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या तंट्यात ते आधी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी पाठवलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांनाच त्यांनी कैद केले. मग १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले, मूळचे श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ त्यांच्याशी बोलायला आले आणि लढाई न होता सारे मिटले. दोन कोकणी माणसे समोरासमोर बसून एका राज्याची फाटाफूट सांधत आहेत, यावर अख्खा चित्रपट उभा राहील. पण त्यात घोडे दौडत नाहीत म्हणून निर्माते तिकडे फिरकत नाहीत.

प्रश्न : आपल्या नायकाचा पराभव दाखवणे योग्य आहे का?

जंजिरा मराठ्यांना कधीही जिंकता आला नाही, ही गोष्ट मुरुडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये तेथे समुद्रात भराव टाकून सेतू बांधण्याचे धाडस केले, आणि मोगली फौजा कोकणात उतरल्यामुळे त्यांना ते अर्धवट सोडावे लागले. हा प्रसंग वगळणे म्हणजे एका विलक्षण धाडसी कल्पनेवर पाणी सोडणे होय. पराभव दाखवावा, आणि त्याचे कारणही दाखवावे.

प्रश्न : “बखरीत लिहिले आहे” असे निर्माते सांगतात. ते पुरेसे आहे का?

कोणत्या बखरीत, हे विचारावे. सभासदाची बखर महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाने त्यांच्या निधनानंतर वीसेक वर्षांच्या आत, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. चिटणिसांची बखर त्यानंतर शतकभराने आली. दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही. समकालीन पत्रे, जेधे शकावलीसारख्या तारखांच्या नोंदी आणि इंग्रज-पोर्तुगीजांचे दप्तर यांचे वजन सामान्यतः अधिक असते, मात्र परक्यांचे दप्तर त्यांच्या स्वार्थाची बाजू धरून बोलते हे विसरू नये. पोवाड्यात इतिहासापेक्षा लोकांचे मन अधिक सापडते, आणि चित्रपटाला तेही हवेच असते.

प्रश्न : नायकाची देहयष्टी, पोशाख आणि गाणी यांविषयी काय?

१६६४ मध्ये सुरतेहून लिहिलेल्या एका पत्रात एस्कलियट या इंग्रज पाद्र्याने महाराजांचे ऐकीव वर्णन दिले आहे : मध्यम उंची, बांधेसूद शरीर, बोलताना स्मित, आणि तीक्ष्ण, चपळ डोळे. व्यायामशाळेत कमावलेल्या उघड्या छातीचा त्यात उल्लेख नाही. पोशाखात मी फारसा शिरत नाही. गाणे प्रसंगातून उगवले तर ऐकावे, नाहीतर तेवढ्यात चहा घेऊन यावे.

प्रश्न : पात्रांनी त्या काळची मराठी बोलावी का?

पूर्णपणे बोलली तर आपल्यालाच समजणार नाही, कारण सतराव्या शतकातील दरबारी मराठीत फारसी शब्दांची इतकी गर्दी होती की महाराजांना त्या शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवून घ्यावा लागला. तेव्हा थोडा जुना बाज आणि स्वच्छ वाक्ये एवढे पुरे.

माझी खरी तक्रार निराळी आहे. राजे आणि सरदार शुद्ध, भारदस्त मराठी बोलतात, आणि कोळी, गाबीत किंवा भंडारी पात्र आले की ते मालवणी किंवा आगरी बोलून प्रेक्षकांना हसवते. ज्यांच्या भरवशावर आरमार चालले, ज्यांना खडक, प्रवाह आणि वारे तोंडपाठ होते, त्यांची बोली विनोदापुरतीच वापरणे हा या किनाऱ्याचा अपमान आहे. आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग म्हटले आहे. त्या अंगाची भाषा पडद्यावर एकदा तरी गंभीरपणे ऐकू यावी.

प्रश्न : चित्रपट करमुक्त झाला, किंवा त्याला प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे त्यातील इतिहास तपासला गेला असे समजावे का?

नाही. प्रमाणपत्र चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांनी पाहावा एवढे सांगते. करमुक्तीचा निर्णय राज्य सरकारचा असतो आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून तिचा अर्थ राज्याच्या वाट्याच्या कराची सूट एवढाच उरला आहे. तिकीट खिडकीवरच्या कोटींचाही इतिहासाशी संबंध नाही.

प्रश्न : महाराजांवरील चित्रपटात दोष काढणे हा त्यांचा अनादर नाही का?

दोष चित्रपटात काढलेला असतो, महाराजांत नव्हे. हा भेद चर्चेच्या सुरुवातीलाच स्पष्ट केला नाही तर सभागृहात आवाज चढतात, असा माझा अनुभव आहे. एकदा एका तरुणाने मला भर सभेत विचारले की आपण निशाणाच्या दिशेवर बोलता, तेव्हा आपल्याला स्वराज्याचे काहीच वाटत नाही का. मी त्याला चिपळूणच्या छावणीचे पत्र वाचायला दिले. पेटत्या वातीपर्यंत ज्या राजाची नजर पोहोचत होती, त्याच्यावरील चित्रपटात ढिलेपणा खपवून घेणे अधिक अनादराचे नाही का, असे त्याला विचारले. तो पुढच्या चर्चेला आला, आणि या वेळी त्यानेच दोन चुका दाखवल्या.

प्रश्न : मुलांना असे चित्रपट दाखवावेत का?

दाखवावेत, पण वयाची खूण पाहून. आता ‘यूए’ या वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे अशा तीन पायऱ्या आहेत. संगमेश्वरला झालेली कैद आणि त्यानंतरचा छळ यांसारखे प्रसंग काही चित्रपट नको तितके लांबवतात. लहान मुलाला तेथे इतिहासाऐवजी केवळ भय मिळते.

प्रश्न : चित्रपट पाहून आल्यावर त्यातील गोष्टी किनाऱ्यावर पडताळून पाहता येतात का?

येतात, आणि आपल्याइतकी सोय इतर कोणाला नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे कोकणातच आहेत. सुवर्णदुर्ग पाहायचा तर आधी हर्णैच्या किनाऱ्यावरील कनकदुर्गावर उभे राहावे, म्हणजे जमिनीवरचे किल्ले आणि पाण्यातला किल्ला एकमेकांना कसे सांभाळीत हे नजरेत भरते. कुलाब्याला जायचे असल्यास पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस धरावा, सकाळी लवकर ओहोटीला चालत जावे, आणि पाणी फिरू लागल्याचे दिसताच निघावे. अन्यथा होडीची वाट पाहावी लागते. खांदेरीला थळहून होडीने जावे लागते. पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळल्यावरच बेत करावा, आणि निघण्यापूर्वी नाखव्याला वारा कुठला आहे ते विचारून घ्यावे.